फेर्दोच्या डोक्यावरचा चंद्र

सिरिल पोदलोगरला चित्रकला येत नाही, ही गोष्ट लिपोव्ये गावात फक्त एकाच माणसाला ठाऊक नव्हती. तो माणूस म्हणजे खुद्द सिरिल. उभा जन्म त्याने जमीनमोजणी खात्यात नकाशे रंगवण्यात घालवला होता. ओढा निळा, रस्ता पिवळा, जंगल हिरवं आणि शेजाऱ्याने ढकललेला बांध तांबडा. एवढ्या भांडवलावर आपण कलावंत आहोत असं त्याचं ठाम मत होतं, आणि निवृत्तीनंतर ते आणखी घट्ट झालं, कारण त्याच्या कामावर शेरा मारणारा साहेब आता उरला नव्हता. बायको होती. पण मिलोय्काचं बोलणं तो साहेबाचं ऐकायचा तसंच ऐकायचा, म्हणजे मान डोलवून.

मधमाश्या मिलोय्काच्या वडिलांच्या. बागेच्या टोकाला त्यांनी बांधलेलं लाकडी घर होतं आणि त्याच्या दर्शनी बाजूला कपाटाचे खण असावेत तशा एकावर एक रचलेल्या आठ पेट्या. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी एक फळी. म्हाताऱ्याने त्या फळ्यांना साधे सपाट रंग दिले होते: कोपऱ्यातली निळी, तिच्या शेजारची पिवळी, मग पांढरी, मग पुन्हा निळी. बस. गावातल्या इतर घरांत मात्र पणजोबांच्या काळापासून फळ्यांवर चित्रं होती. कुठे मेलेल्या शिकाऱ्याची तिरडी हरणं आणि ससे वाहून नेताहेत, कुठे सैतान एका भांडकुदळ बाईची जीभ सहाणेवर धरून घासतोय. डोंगरावर चढायला येणारे पर्यटक वाटेत थांबून त्या फळ्यांचे फोटो काढायचे आणि सिरिलच्या कुंपणाशी आले की बुटाची नाडी बांधायचे. ही नाडी सिरिलच्या फार मनाला लागली होती.

पण खरी ठिणगी पडली ती शेजारच्या फेर्दो ओब्लाकमुळे.

फेर्दोची सफरचंदाची बाग कुंपणाला लागून. झाडं फुलात असताना औषध फवारायचं तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्या की मगच, हा तिथला कायदा शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. फेर्दोला तो पाठ होता, पण त्याला संध्याकाळी पत्त्यांचा अड्डाही होता. गेल्या वसंतात त्याने भर दुपारी, लख्ख उन्हात फवारलं. संध्याकाळी दोन पेट्यांपुढच्या गवतावर माश्यांचा खच पडला होता. मिलोय्का पायरीवर बसून मोठ्याने रडली. वडील गेले तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती.

इथे एक सांगायला हवं. त्या मुलखात गाय मरते, कुत्रा मरतो, पण मधमाशी मरत नाही. ती वारते. माणसासाठी जो शब्द, तोच तिला, दुसरा वापरला तर चारचौघांत माना वळतात. त्या संध्याकाळी मिलोय्काने फोनवर बहिणीला सांगितलं, "बाबांच्या दोन घरच्या वारल्या गं."

सिरिल तक्रार करायला निघाला होता. तिने दारातच अडवलं.

"शेजाऱ्यावर तक्रार करायची नाही. बर्फात गाडी रुतली की ओढायला ट्रॅक्टर त्याचाच लागतो."

"मग काय त्याची आरती ओवाळू?"

"काहीही कर. ऑफिसात जायचं नाही."

काहीही करायची ही परवानगी तिने द्यायला नको होती.

यंदाचा मार्च संपता संपता सिरिलने आठही फळ्या उतरवल्या, कोठारात नेल्या आणि आतून कडी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी बाहेर आला तो कोपरापर्यंत तांबडा होऊन. कोठाराच्या दाराला लावून उरलेला रंग डबाभर होता आणि तो वाया जाऊ देणं त्याच्या खात्यात बसत नव्हतं. त्यामुळे आठही चित्रांच्या मागे एकच तांबडंलाल आभाळ होतं. पुढे कुठे संत, कुठे अस्वल, कुठे नुसताच ढग. पण सगळ्यांत मोठी कलाकृती कोपऱ्यातल्या पेटीवर. तीत एक शिंगवाला सैतान ट्रॅक्टरवर बसून औषध फवारतोय, माश्या टपाटप पडताहेत आणि वर एक देवदूत नाक दाबून उभा आहे. सैतानाला फेर्दोचे कान होते. खाली कोपऱ्यात सही: सि. पो.

"बाबांचे रंग कुठे गेले?" मिलोय्काने विचारलं.

"आहेत की. कलेच्या खाली."

"अरे, पण माश्यांना आपलं दार कसं कळायचं? सगळीकडे एकच आभाळ!"

"ती संध्याकाळ आहे, मिलोय्का. संध्याकाळी सगळे घरीच येतात."

तिने कपाळाला हात लावला. तो तिने पुढचे तीन आठवडे फारसा काढलाच नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर अख्खं गाव कुंपणाशी जमलं. पुढच्या रांगेत म्हातारी आंगेला होती. तिची दृष्टी अधू असल्याचं ती स्वतः सांगते, आणि गावातलं सगळं पहिल्यांदा तीच पाहते.

"हा फेर्दो ना रे?"

"आंगेलामावशी, चित्र काल्पनिक आहे," सिरिल गंभीरपणे म्हणाला.

"कल्पनेचे कान बरे ओब्लाकांच्या घराण्यातले!"

मग सूचनांचा पाऊस पडला. एकाला आपला मेहुणा अस्वलाच्या जागी हवा होता. एकीने सासूचं नाव सिरिलच्या कानात सांगितलं आणि वर म्हणाली, जीभ जरा लांब काढा. मधमाशीपालक मंडळाचे अध्यक्ष वेन्सेल, ज्यांच्या स्वतःच्या फळ्या पर्यटकांच्या पुस्तकात छापून आल्या आहेत, मागे हात बांधून आठही चित्रांपुढून गेले आणि म्हणाले, "धाडस आहे." सिरिलने हे कौतुक समजून वाकून आभार मानले.

तेवढ्यात फेर्दो आला. गर्दीने वाट दिली. फेर्दो कोपऱ्यातल्या फळीपुढे बराच वेळ उभा राहिला. त्याचे कान चित्रातल्यापेक्षाही तांबडे झाले.

"माझ्या ट्रॅक्टरला चाकं चार आहेत," तो म्हणाला. "तू तीन काढलीयस."

एवढंच बोलून तो गेला. दुसऱ्या दिवशी दोन बागांमधलं छोटं फाटक खिळे मारून बंद झालं.

सिरिलला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याच्यापुढे नवाच चमत्कार उभा होता. बाहेरून परतणाऱ्या माश्या फळ्यांपुढे घिरट्या घालायच्या. या दाराशी, त्या दाराशी, पुन्हा मागे. भलत्याच घरात शिरायच्या, आतल्या पहारेकरणी त्यांना ढकलून बाहेर काढायच्या, आणि दारात हातघाईची लढाई व्हायची. शेवटी दमूनभागून त्यातल्या पुष्कळ जणी कोपऱ्यातल्या पेटीत जायच्या. सैतानाच्या. तिथे तर उंबऱ्यावरसुद्धा उभं राहायला जागा नव्हती.

"बघ!" सिरिल म्हणाला. "चांगलं चित्र कुठलं ते त्यांना बरोबर कळतं."

"सिरिल, त्या हरवल्यात."

"रसिक आहेत."

गावाने मात्र सल्ले द्यायला सुरुवात केली. वेन्सेल म्हणाले, हवा बदलली आहे, काही करू नका. आंगेलामावशी म्हणाली, पेट्यांना पुदिना चोळ. सिरिलने चोळला, आणि आतापर्यंत ज्या पेट्यांना निदान आपापला वास होता, त्या सगळ्या सारख्याच वासाच्या झाल्या. मग कुणीतरी आरसा टांगायला सांगितलं. त्या आरशात पहिल्याच सकाळी सिरिलने स्वतःला पाहिलं. दंश होऊन एक डोळा मिटला होता. तरी तो खचला नाही. कलावंताला सोसावंच लागतं, असं तो म्हणाला, पण ओठ सुजल्यामुळे ते कुणाला नीट कळलं नाही.

अखेर मिलोय्काने त्याला फोनपाशी बसवलं. माश्यांच्या सरकारी डॉक्टरीणबाई तालुक्याला असतात.

"वारल्या आहेत का?" पलीकडच्या कारकुनाने विचारलं.

"नाही. चुकतायत."

"चुकणं हा रोग आमच्याकडे नाही. अशक्तपणा लिहू?"

"अशक्त कुठल्या! मला काल सात ठिकाणी चावल्या!"

"मग आक्रमक लिहितो. आक्रमक म्हटलं की डॉक्टर लवकर येतात."

लवकर म्हणजे सफरचंद पुरतं फुलल्यावर. आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी कोपऱ्यातली पेटी फुटली.

पेटी फुटली म्हणजे, आत इतकी दाटी झाली की जुन्या राणीने अर्ध्या प्रजेसह घर सोडलं. आभाळात काळा लोट उठला, बागेवर गरगर फिरला आणि कुंपण ओलांडून फेर्दोच्या आवारात उतरला. तिथे फेर्दो ट्रॅक्टर सुरू करून उभा होता. स्तोल डोंगरावर ढग साचत होते, रात्री पाऊस येणार होता आणि पावसाआधी फवारलं नाही तर सफरचंदावर बुरशीच्या खपल्या धरणार होत्या. टाकी भरलेली, टोपी डोक्यावर. थवा येऊन बसला तो थेट फवारणीच्या पंपावर. बघता बघता पंपाखाली माश्यांची दाढी लोंबायला लागली.

सिरिल आणि मिलोय्का धावत गेले. फाटकाला खिळे होते, म्हणून सिरिल कुंपणावरून चढला आणि विजारीचा एक भाग तिथेच ठेवून पलीकडे उतरला. मिलोय्का रस्त्याने फिरून आली, हातात खोकं, पाण्याची पिचकारी आणि हंसाचं पीस घेऊन. तोवर गाव जमलंच होतं.

"थव्यामागे दुसऱ्याच्या आवारात जायचा मला कायद्याने हक्क आहे," सिरिल मागची बाजू हाताने झाकत म्हणाला.

"आवारात ये की! बैस, पाणी पी," फेर्दो म्हणाला. "पण ट्रॅक्टरवर चढायचा कायदा कुठाय तो दाखव. आधी ते चित्र पूस, मग हात लाव."

"चित्र पुसणार नाही."

"मग मीही थांबणार नाही. पाऊस येतोय. पंप सुरू करतो, मेल्या तर मेल्या!"

आंगेलामावशीने छातीवर क्रूस काढला. मंडळाच्या अध्यक्षांनी टोपी उतरवली. ट्रॅक्टरचं इंजिन उगाचच मोठ्याने धडधडत राहिलं.

फेर्दोने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"वारल्या तर, असं म्हणायचं होतं मला," तो पुटपुटला. मग स्वतःलाच ते ऐकू आलं आणि त्याने मान खाली घातली. "तेही नको."

मिलोय्का पुढे झाली.

"गेल्या वर्षी वारल्या, फेर्दो. बाबांच्या होत्या. तू नुसता फाटकाशी येऊन दोन शब्द बोलला असतास ना, तर ह्याने ब्रशला हात लावला नसता. आणि माझ्या बागेची ही दशा झाली नसती!"

"यायला लाज वाटली गं," फेर्दो म्हणाला. "आणि मग जितके दिवस गेले, तितकी जास्त वाटायला लागली."

अशा वेळी काय बोलायचं असतं, हे त्या गावात कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. ब्रेडा स्मोल्निकार बाई उतरल्या, आक्रमक माश्या कुठे आहेत म्हणाल्या, आणि कुंपणापलीकडच्या फळ्या पाहून जागीच उभ्या राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," सिरिल छाती काढून म्हणाला.

"तांबडा रंग मधमाशीला दिसत नाही. तिला तो काळोख वाटतो. तुम्ही आठही घरांना एकच काळोख फासलाय हो!"

सिरिलचा सुजलेला ओठ खाली आला.

"म्हणजे माझी चित्रं त्यांनी पाहिलीच नाहीत?"

"नाही."

"मग कोपऱ्यातल्या पेटीवर एवढी गर्दी?"

"तिच्याशेजारी आलुबुखाराचं झाड आहे. तेवढीच एक खूण उरली बिचाऱ्यांना."

आयुष्यात सिरिलवर टीका पुष्कळ झाली होती, पण प्रेक्षकांनी चित्राऐवजी झाड बघितलं, असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तो ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला. बाई मात्र बोलतच होत्या. भलत्या घरात शिरणारी माशी अंगावरचे रक्तपिपासू किडेही सोबत नेते, एक घर आजारी असेल तर आठवड्यात आठही आजारी पडतात, हे थांबलं नाही तर जूनपर्यंत बाग सुनी होईल. आभाळं आजच बदला, निळं, पिवळं, पांढरं, पूर्वी होती तशी. संत, अस्वल काय ते राहू दे, त्याचं माश्यांना सुखदुःख नाही.

"माझ्या पेटीला कुठला रंग येतो?" एक आवाज आला.

सगळे वळले. विचारणारा फेर्दो होता. पेटी त्याची नव्हती, पण त्या क्षणी कुणाला ते खटकलं नाही.

"कोपऱ्यातली निळी होती," मिलोय्का म्हणाली.

"निळा म्हणजे दिवसाचा की रात्रीचा?"

सिरिल उठला. "सैतान भर दिवसा फवारत होता. चित्राला सत्य..." मिलोय्काचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. "रात्रीचा," तो म्हणाला. "गडद रात्रीचा."

"मग चंद्र पाहिजे," फेर्दो म्हणाला. "चंद्र असला की कुणी म्हणायला नको, फेर्दो दुपारी फवारतो म्हणून. शिंगं राहू देत हवी तर."

"चंद्र काढला तर तो खरा करावा लागेल, फेर्दो," सिरिल म्हणाला.

"करतो. पत्ते गेले खड्ड्यात."

दोघांनी हात मिळवले. मिलोय्काने थव्यावर पाणी शिंपडलं, सिरिलने खोकं धरलं आणि तिने पिसाने हळूहळू, बाळाचे केस विंचरावेत तशा, माश्या आत उतरवल्या. पण बाहेर उडणाऱ्या परतेपर्यंत खोकं हलवता येत नाही आणि तोवर ट्रॅक्टरही. तेव्हा सगळे तिथेच बसले. फेर्दोच्या घरून पोटिका, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव, आला, नाशपातीची दारू आली. ढग स्तोलवरून खाली सरकत होता आणि फेर्दो एक डोळा ढगाकडे, एक सूर्याकडे लावून बसला होता. दोनदा उठला, दोनदा खाली बसला. "उशीर होईल रे," एवढंच म्हणाला. सिरिलला त्या क्षणी त्याची दया आली आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

सूर्य मावळला. शेवटच्या माश्या खोक्यात शिरल्या. मग फेर्दोने दिवे लावून ट्रॅक्टर असा काही हाकला की आंगेलामावशीची टोपी उडाली. शेवटची रांग संपायला आणि पहिला थेंब पडायला गाठ पडली.

आता कोठारात सिरिलपुढे वेगळंच संकट होतं. आभाळं झटपट झाली, पण चंद्र काही केल्या जमेना. पहिला बटाट्यासारखा आला. तो पुसून काढलेला दुसरा चावलेल्या भाकरीसारखा. तिसऱ्या चंद्राकडे मिलोय्का बघेचना, ती खांबाकडे तोंड करून हसत होती. तेवढ्यात भिजलेला फेर्दो आत आला. काही न बोलता त्याने दारूचा पेला फळीवर उपडा ठेवला, भोवती रेघ मारली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डाचा पांढरा रंग त्यात भरला. गोल, गरगरीत, झळझळीत चंद्र. जाता जाता त्याने ट्रॅक्टरला चौथं चाकही रंगवून दिलं.

दुसऱ्या सकाळी माश्या उठल्या, दारातून बाहेर पडल्या, वळून आपापलं दार पाहून घेतलं आणि दुपारी ज्या त्या घरात परतल्या. दारांतल्या लढाया थांबल्या. मिलोय्का कितीतरी वेळ पेट्यांपुढे उभी होती.

"आल्या रे घरी," ती म्हणाली, आणि तिने कपाळावरचा हात काढला.

त्या आठवड्यात फेर्दो आणखी एकदा फवारायला निघाला. थोडं ऊन असतानाच त्याने किल्ली फिरवली, तर रस्त्यावरून आंगेलामावशी ओरडली, "फेर्दो, चंद्र बघ रे!" फेर्दोने किल्ली उलटी फिरवली.

मग रविवार आला. डोंगरावर निघालेले पर्यटक कुंपणाशी थांबले आणि या वेळी कुणीही नाडी बांधली नाही. फोटो काढू लागले. सिरिल धुतलेला सदरा घालून फळ्यांशेजारी सहज उभा होता.

"काय सुंदर चंद्र आहे!" एक बाई म्हणाली. "किती शांत वाटतं नाही? चित्रकार कोण?"

सिरिलने घसा खाकरला. पण कुंपणापलीकडून फेर्दोने टोपी उचलली.

"मी," तो म्हणाला. "म्हणजे, चंद्राभोवतीचं बाकीचं किरकोळ काम ह्याने केलंय."

सिरिलने तोंड उघडलं. त्याच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, नकाशांपासून सुरू होणारं. पण दुपारचं ऊन पडलं होतं, सफरचंदं अजून फुलात होती, त्यांच्यावर माश्या नुसत्या घुमत होत्या, आणि फेर्दोचा ट्रॅक्टर ताडपत्री घालून उभा होता. सिरिलने तोंड मिटलं.

"हो," तो म्हणाला. "चंद्र त्याचाच आहे."